दोघींची वही

उजनी धरणाच्या जलाशयाकाठच्या एका शाळेचा वार्षिक अंक यंदा जानेवारीत निघाला. त्यात आठवीतल्या एका मुलीच्या नावावर एक कथा छापून आली. अंक वर्गात वाटला गेला त्याच दिवशी दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात गेली, कथेचं पान उघडून तिने ग्रंथपालांपुढे ठेवलं आणि म्हणाली, "सर, ही गोष्ट माझीपण आहे." कथेवर जिचं नाव होतं ती तिची पाचवीपासूनची मैत्रीण. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद आहे.

आठवीच्या वर्गात अबोला ही काही नवलाची गोष्ट नाही. पण या अबोल्याच्या मुळाशी एक वही होती, आणि तिच्यावरून शाळेतल्या दोन मोठ्या माणसांतही मतभेद झाला. एक, मराठी शिकवणाऱ्या बाई. दुसरे, ग्रंथालय सांभाळणारे सर. दोघंही भरपूर वाचणारे, दोघांचाही मुलांवर जीव. स्टाफरूममध्ये, कधी ग्रंथालयाच्या पायरीवर, त्यांचं जे बोलणं झालं ते एका शाळेपुरतं नाही, म्हणून इथे मांडलं आहे. नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. वहीतला जो मजकूर पुढे येईल तो दोन्ही मुलींना वेगवेगळं विचारून घेतला आहे.

आधी वहीबद्दल. दोनशे पानी लाँगबुक, खाकी कव्हर, सहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू झालेली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, हे त्या भागातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. म्हातारी माणसं पाण्याकडे बोट करून सांगतात, आपलं घर त्या तिकडे होतं. या मुलींनी त्यावरून गोष्ट रचली: बुडालेल्या गावात शाळा अजून भरते, घंटा वाजते, मासे खिडकीतून डोकावतात आणि हजेरीपटावरचं एकही नाव कमी झालेलं नाही. एकीची शाई निळी, दुसरीची काळी. दोन पानं हिची, दोन पानं तिची, आणि वही दिवसाआड एकमेकींच्या दप्तरात. समासात शेरे आहेत. एके ठिकाणी काळ्या शाईवाली विचारते, "पाण्याखाली पाऊस कसा पडेल?" त्याखाली निळ्या शाईत उत्तर आहे, "पडत नाही. वरचा पाऊस त्यांना ऐकू येतो, पत्र्यावर पडल्यासारखा." अकरा-बारा वर्षांच्या दोन मुलींनी एकमेकींना अडवत, सुचवत, खोडत केलेलं हे काम आहे. त्यातली कित्येक वाक्यं दोन्ही शायांत आहेत. सुरुवात एकीची, शेवट दुसरीचा.

सातवीच्या उन्हाळ्यानंतर निळी शाई विरळ होते. आठवीला तुकड्या बदलल्या. निळ्या शाईची मुलगी सेमी इंग्रजीत गेली, काळ्या शाईची मराठी माध्यमातच राहिली. एकीला संध्याकाळी इंदापूरला क्लास, दुसरीला घरी म्हशी आणि धाकटा भाऊ. निळ्या शाईच्या शेवटच्या चार पानांत पाण्याखालच्या शाळेत एक नवा मुलगा दाखल होतो आणि गोष्टीतली मुलगी त्याला चिठ्ठी लिहिते. समासात काळ्या शाईत एकच शब्द आहे: "नको." पुढची सगळी पानं काळी. त्यांत एक मुलगी गाव सोडून पाण्याबाहेर जाते, वरच्या हवेत तिचे डोळे कोरडे पडतात आणि तिला खालची माणसं ओळखू येईनाशी होतात. ही मुलगी कोणावर बेतली आहे हे सांगावं लागत नाही.

बाईंचं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. "सर, हे होणारच होतं. एकीला प्रेमाच्या गोष्टी सुचायला लागल्या, दुसरीला मासे आणि घंटाच हव्यात. दोघींचं वय एक असलं तरी दोघी एका वेगाने मोठ्या होत नाहीत. आपण मध्ये पडायचं कशाला?"

"मध्ये आपण आधीच पडलोय, बाई," सर म्हणाले. "तुकड्या कोणी पाडल्या? अंक कोणी छापला?"

"तुकड्या पाडल्या नसत्या तरी हेच झालं असतं." बाईंनी एका अमेरिकन पाहणीचा दाखला दिला. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. सातवीतल्या 410 मुलामुलींच्या 573 मैत्र्या त्यांनी बारावीपर्यंत दरवर्षी तपासल्या. बारावीपर्यंत टिकली ती एक टक्का. "एक टक्का, सर! म्हणजे सातवीतली मैत्री संपणं हीच रीत आहे. तिचा शोक करत बसलो तर मुलींना वाटेल आपल्याच हातून काही तरी विपरीत घडलं."

सरांनी आकडा नाकारला नाही. पण त्याच पाहणीत मैत्री कशाने तुटते याचंही उत्तर आहे, हे त्यांनी निदर्शनाला आणून दिलं. दोघांमधलं अंतर जिथे जास्त, तिथे मैत्री लवकर तुटली: अभ्यासातलं अंतर, वर्गात कोण किती आवडतं यातलं अंतर, दांडगाईतलं अंतर, एक मुलगा आणि एक मुलगी असणं. "आता सांगा, अभ्यासातलं अंतर आपण तुकडीच्या पाटीवर लिहून भिंतीला ठोकतो की नाही? सहावी-सातवीत या दोघी एका बाकावर होत्या. कोण हुशार, कोण कमी, हे त्यांनी वहीत कधी विचारलंच नव्हतं. ते आपण विचारलं. त्यात आणखी एक. आठवीत गेल्यावर काळ्या शाईच्या मुलीचं शाळा सुटल्यावर ग्रंथालयात थांबणं बंद झालं. घरचे म्हणाले, आता मोठी झालीस, अंधार पडायच्या आत घरी. मुलगी मोठी होते म्हणजे तिचा मोकळा वेळ आधी कापला जातो. दोघींना बसून लिहायला जागा उरली नाही, वेळ उरला नाही. मग वेग वेगळा आहे म्हणून मोकळं व्हायचं?"

इथे सरांचं म्हणणं वजनदार आहे, हे मान्य करायला हवं. मैत्री तुटण्याचं खापर वयावर फोडणं सोपं असतं, कारण वयाला जाब विचारता येत नाही. वेळापत्रकाला विचारता येतो.

पण बाईंची भूमिका निव्वळ 'सोडून द्या' अशी नव्हती. त्यांची काळजी लेखनाची होती. "सर, दोघींनी मिळून लिहिणं ही शाळेतली फार सुंदर गोष्ट आहे. पण लेखक एकटाच घडतो. कधी तरी ती वही सुटावीच लागते." आणि मग त्यांनी ब्राँटे भावंडांची गोष्ट काढली.

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावी जून 1826 मध्ये पॅट्रिक ब्राँटे नावाच्या पाद्र्याने आपल्या मुलासाठी लाकडी सैनिकांची पेटी आणली. ब्रॅनवेल तेव्हा नऊ वर्षांचा व्हायचा होता, शार्लट दहा, एमिली आठाला टेकलेली, ॲन सहा. प्रत्येकाने एकेक सैनिक उचलला, त्याला नाव दिलं आणि त्या खेळातून एक अख्खं राज्य उभं राहिलं. काडेपेटीएवढ्या वह्या शिवून, छापील वाटावीत अशा बारीक अक्षरांत ती मुलं त्या राज्याची मासिकं, लढाया, भांडणं, कविता लिहीत राहिली. जानेवारी 1831 मध्ये शार्लट रो हेडच्या शाळेत गेली आणि घरातली चौकडी फुटली. धाकट्या दोघी, एमिली आणि ॲन, थोरल्यांच्या राज्यातून बाहेर पडल्या आणि त्यांनी गोंडाल नावाचं स्वतःचं बेट काढलं. शार्लट आणि ब्रॅनवेल पुढे अँग्रिया नावाच्या आपल्या राज्यात रमले.

"फुटल्या म्हणूनच गोंडाल झालं," बाई म्हणाल्या. "थोरल्यांच्या हाताखाली राहिल्या असत्या तर झालं नसतं. आणि पुढचं ऐका." 1845 च्या उन्हाळ्यात एमिली आणि ॲन दोघीच यॉर्कला जाऊन आल्या. एमिली तेव्हा सत्तावीस वर्षांची होत आली होती, ॲन पंचवीस. प्रवासभर त्या गोंडालमधली पात्रं होऊन बोलत होत्या. या दोन बहिणींची एक रीत होती: काही वर्षांनी एकदा, एकमेकींना न दाखवता, एकेका कागदावर आपलं सध्या काय चाललंय ते लिहून ठेवायचं. त्या जुलैच्या अखेरीस दोघींनी असे कागद लिहिले. एमिलीच्या कागदात गोंडाल पूर्वीइतकंच टवटवीत आहे आणि प्रवासात कोणकोणती पात्रं झालो याची यादी आहे. ॲनच्या कागदात, त्याच सुमारास, त्याच घरात, गोंडालची मंडळी आता खेळायच्या फारशा लायकीची राहिलेली नाहीत अशी कबुली आहे. ॲन पाच वर्षं परक्या घरी शिकवणीची नोकरी करून नुकतीच परतली होती. तिने जग पाहिलं होतं. एमिलीला हॉवर्थ सोडून कुठेच करमत नव्हतं.

"बघा," बाई म्हणाल्या, "एवढ्या जिवाभावाच्या बहिणी, एक छप्पर, आणि एकीचा खेळ संपला तरी दुसरीचा चालूच. यात कोणाचा दोष? ॲनने पुढे 'ॲग्नेस ग्रे' लिहिली, सरळ आपल्या नोकरीच्या अनुभवावर. गोंडालला धरून बसली असती तर लिहिली असती का? आपली निळ्या शाईची मुलगी ॲन आहे. तिला बाहेर पडू द्या."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तीच गोष्ट पुढे नेली, आणि वादाला खरं वळण इथे लागलं.

"बाई, ॲन बाहेर पडली, पण तिने गोंडाल आपल्या एकटीच्या नावावर छापलं नाही. आणि एमिलीनेही नाही. त्यांच्या घरात छपाईचा विषय निघाला तेव्हा काय झालं?" 1845 च्या शरदात शार्लटच्या हाती एमिलीच्या कवितांची वही लागली. शार्लट भारावली, एमिली संतापली. न विचारता वही वाचली याचा तिला इतका राग आला की समजूत घालायला काही तास आणि छापायला राजी करायला काही दिवस लागले, असं शार्लटनेच पुढे लिहून ठेवलं आहे. ॲनने मग आपणहून आपल्या कविता पुढे केल्या. 1846 मध्ये तिघींच्या कवितांचं पुस्तक करर, एलिस आणि ॲक्टन बेल या टोपणनावांनी निघालं. एकाच्या नावाखाली तिघी नाहीत. तीन नावं, प्रत्येक कवितेखाली जिची तिची सही. गोंडालची पात्रं आणि ठिकाणं मात्र कवितांतून पुसून टाकण्यात आली, कारण तो दोघींचा खासगी मुलूख होता. वर्षभरात पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या. पण पुढच्याच वर्षी, 1847 मध्ये, 'जेन एअर', 'वुदरिंग हाइट्स' आणि 'ॲग्नेस ग्रे' अशा तीन कादंबऱ्या या घरातून बाहेर आल्या.

"हे झालं कारण आधी विचारलं गेलं," सर म्हणाले. "उशिरा का होईना, भांडून का होईना, विचारलं गेलं. आणि विचारायला माणूस उरला नाही तेव्हा काय झालं तेही बघा." एमिली डिसेंबर 1848 मध्ये गेली, ॲन मे 1849 मध्ये. 1850 मध्ये शार्लटने दोघींचं लेखन नव्याने छापायला काढलं. एमिलीच्या अप्रकाशित कविता निवडताना तिने शब्द बदलले, ओळी घातल्या. ॲनची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' ही कादंबरी पुन्हा छापूच नये असं तिने प्रकाशकाला कळवलं. गोंडालचं सगळं गद्य आज नाहीसं झालेलं आहे; उरल्या त्या कविता. "शार्लटचं बहिणींवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण मिळून उभ्या केलेल्या गोष्टीबद्दल एकटीने ठरवलं की असं होतं. प्रेमानेसुद्धा होतं."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही काळ्या शाईच्या मुलीला चोर ठरवताय."

"नाही ठरवत. तिची बाजू मी तिच्याच तोंडून ऐकलीय. ती म्हणाली, 'सर, ती सोडून गेली, मी एकटीने पूर्ण केली, मग नाव कोणाचं घालणार?' यातही तथ्य आहे. पण छापलंय ते पहिल्या वीस पानांतलं, आणि त्यातली नऊ-दहा पानं निळ्या शाईत आहेत. घंटेची कल्पना निळ्या शाईची, पत्र्यावरच्या पावसाची निळ्या शाईची."

"मग तिने साहित्य देताना दोन नावं का लिहिली नाहीत?"

सरांनी टेबलाच्या खणातून अंकासाठी दिलेला छापील अर्ज काढला. कथा की कविता, शीर्षक, आणि त्याखाली: विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, तुकडी. एक ओळ, एक चौकोन. "दोन नावं लिहायला जागाच नाही, बाई. आणि दोघींची तुकडी वेगळी. तेरा वर्षांची मुलगी छापील अर्जाशी भांडत नाही. ती चौकोन भरते."

बाईंनी अर्ज हातात घेतला, पुन्हा वाचला. या मुद्द्यावर त्यांनी वाद घातला नाही. पण मैत्रीच्या मुद्द्यावर त्या मागे हटल्या नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "बरं, नावाचं ठीक आहे. पण काळ्या शाईने मैत्रिणीचं जे चित्र काढलंय, डोळे कोरडे पडलेली, माणसं विसरलेली, त्याचं काय? निळ्या शाईची मुलगी नावामुळे जेवढी दुखावली नाही तेवढी त्या पानांनी दुखावली असेल. त्यावर उपाय कुठल्या अर्जात आहे?"

याचं उत्तर देताना सर फ्रान्समध्ये गेले. 1852 मध्ये दक्षिणेतल्या एक्स गावच्या शाळेत एमिल झोला दाखल झाला. वय बारा. वडील धरणाचे अभियंता. एक्सजवळचं धरण त्यांच्याच आराखड्याचं, पण काम पूर्ण व्हायच्या आत 1847 मध्ये ते वारले होते आणि घरी पैशांची ओढाताण होती. मुलाच्या बोलण्याला पॅरिसचा हेल, म्हणून वर्ग त्याला छळायचा. एक वर्षाने मोठा असलेला पॉल सेझान त्याच्या बाजूने उभा राहिला आणि त्याबद्दल त्याने मारही खाल्ला. दुसऱ्या दिवशी झोलाने त्याला सफरचंदांची टोपली आणून दिली, अशी आठवण सेझानने म्हातारपणी सांगितली. बाप्तिस्तँ बाय हा तिसरा दोस्त धरून ते तिघं डोंगर भटकत, नदीत पोहत, कविता रचत आणि एकमेकांना वाचून दाखवत. 1858 मध्ये झोला पॅरिसला गेला तरी सेझान त्याला पद्यात पत्रं लिहीत होता. एक चित्रकार झाला, एक कादंबरीकार. आणि 1886 मध्ये झोलाची 'ल'अव्र' ही कादंबरी आली: एका चित्रकाराची, ज्याला हवं ते चित्र काही केल्या साधत नाही आणि जो शेवटी त्या चित्रासमोर गळफास घेतो. त्याचा शाळूसोबती, यशस्वी लेखक, म्हणजे झोला स्वतः हे उघड होतं. चित्रकारात सेझान दिसत होता, हेही.

"सेझानने पुस्तकाची पोच देणारं पत्र पाठवलं. सभ्य, थोडक्यात. ते त्याचं शेवटचं पत्र असं लोक कित्येक वर्षं धरून चालले होते. एका पुस्तकाने तीस वर्षांची मैत्री मोडली, अशी कथाच झाली. आणि मग 1887 चं एक पत्र उजेडात आलं. झोलाने पाठवलेल्या पुढच्या कादंबरीबद्दल आभार, आणि भेटायला येतो असं. म्हणजे जगाने मैत्रीचा दाखला फाडला होता, पण त्या दोघांनी नाही. निदान लगेच नाही."

"म्हणून?"

"म्हणून आपण आठवीतल्या अबोल्यावर 'संपलं' असा शिक्का मारू नये. आणि त्या पानांबद्दल म्हणाल, तर ती पानं काळ्या शाईची आहेत. तिने ती छापायला दिली नाहीत. तिने छापायला दिली ती सुरुवात, दोघी मिळून लिहीत होत्या तेव्हाची. यातून मला काही तरी कळतं."

बाईंनाही ते कळलं असावं. पण त्यांनी आपला आग्रह सोडला नाही, आणि तो सोडायचं कारणही नव्हतं. "सर, तुम्हाला दोघी पुन्हा एकत्र हव्या आहेत. मला नकोत, असं नाही. पण उद्या तुम्ही दोघींना समोरासमोर उभं कराल, 'हात मिळवा' म्हणाल, आणि त्या मिळवतील. मोठ्यांसमोर मुली मिळवतातच हात. पुढे दोघींपैकी एकही वही उघडणार नाही."

हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचं म्हणणं बाईंना महत्त्वाचं वाटतं. त्याच्या मृत्यूनंतर 1953 मध्ये निघालेल्या पुस्तकात त्याने साधारण आठ-नऊ वर्षांनंतरच्या जिवलग मैत्रीबद्दल लिहिलं. या वयात मूल पहिल्यांदा दुसऱ्याच्या सुखाला आपल्या सुखाइतकं मोल देतं, आणि आपण कसे आहोत हे त्या एका सोबत्याच्या नजरेतून तपासून घेतं, असं त्याचं निरीक्षण आहे. वयात येताना ही गरज वेगळं रूप घेते. "या दोघींनी एकमेकींना लेखिका म्हणून पहिल्यांदा ओळखलं. ते काम झालं, सर. ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पण त्यापुढे निळ्या शाईच्या मुलीला कोणाला काही दाखवायचं नसेल तर तिला तो हक्क आहे." शार्लट ब्राँटेने रो हेडच्या शाळेत मेरी टेलर या मैत्रिणीला घरच्या हस्तलिखित मासिकांबद्दल सांगितलं होतं, दाखवायचं कबूलही केलं होतं, पण मग तिने शब्द फिरवला आणि कितीही आग्रह झाला तरी दाखवली नाहीत. एलन नसी ही तर तिची जन्माची मैत्रीण, शेकडो पत्रं तिला लिहिलेली. पण कादंबरी आपण लिहिली हे 1848 मध्ये शार्लटने तिच्यापाशीही नाकारलं. मैत्री टिकली, शार्लट 1855 मध्ये जाईपर्यंत. "म्हणजे लेखन वाटून न घेताही मैत्री राहते. आपण दोन्ही एकाच दोरीने बांधू नये."

दोघांच्या बोलण्यात इथे एक गोष्ट हळूहळू वेगळी होत गेली. मैत्री पुन्हा जुळावी की नाही हा एक प्रश्न. वहीचं काय करावं हा दुसरा. पहिल्यावर त्यांचं एकमत झालं नाही. सरांना वाटतं, शाळेने संधी तयार करायला हवी: आठवड्यातून एक तास, दोन्ही तुकड्यांच्या मुलामुलींनी ग्रंथालयात एकत्र बसून हस्तलिखित काढावं. त्यांना अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी काढत असत ते 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक आठवतं. गुरुजी रात्र जागून ते लिहीत आणि मुलं सकाळी वाचत. बाई म्हणाल्या, ते मुलांसाठी होतं, पण लेखणी गुरुजींची होती. मुलांच्या लेखणीला तासिका लावली की ती गृहपाठ होते. या मुलींची वही चांगली झाली ती कोणी सांगितलं नव्हतं म्हणून. सरांचं उत्तर: ज्या मुलीला अंधाराच्या आत घरी जावं लागतं तिला शाळेच्या वेळेतला तो तासच मिळू शकतो, न सांगितलेला वेळ तिच्याकडे उरलेलाच नाही. हा वाद मिटलेला नाही, आणि दोघांच्या म्हणण्यात खरं आहे. तरीही एका बाजूला उभं राहायचं झालं तर या लेखाचा कौल सरांच्या तासाला आहे, बाईंच्या एका अटीवर: त्या तासाला काय लिहायचं, कोणाबरोबर लिहायचं आणि कोणाला दाखवायचं हे मुलं ठरवतील.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र एकमत झालं, आणि ते कामाला लागलं. वहीची झेरॉक्स काढली, पानोपान, समासासकट. मूळ वही काळ्या शाईच्या मुलीकडे राहिली, प्रत निळ्या शाईच्या मुलीला मिळाली. दोघींना वेगवेगळं बोलावून एवढंच विचारलं की पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची का, आणि छापली तर तुझं नाव हवं का. काळ्या शाईची मुलगी लगेच हो म्हणाली. तिने दोन्ही नावं स्वतः लिहून दिली, मैत्रिणीचं आधी. निळ्या शाईच्या मुलीने दोन दिवस मागितले. मग तिने कळवलं की नाव हवं, पण चिठ्ठीवाली चार पानं कधीही छापायची नाहीत. ती अट नोंदवून घेतली आहे. कोणी कोणाला हात मिळवायला सांगितलं नाही. दोघी अजून बोलत नाहीत.

आणि अर्ज बदलला. नव्या अर्जात नावासाठी चार ओळी आहेत, प्रत्येक ओळीपुढे इयत्ता आणि तुकडी वेगळी. त्याखाली एक वाक्य आहे: हे लेखन एकाहून अधिक जणांनी केलं असल्यास सर्वांच्या सह्या घ्याव्यात. बाईंनी त्यात आणखी एक ओळ घालायला लावली: एखाद्याला नाव नको असल्यास तसं लिहावं.

महाराष्ट्रातल्या हजारो शाळा दरवर्षी वार्षिक अंक काढतात, हस्तलिखितं काढतात, भित्तिपत्रकं लावतात. त्यांचे संपादक बहुतेक भाषेचे शिक्षक असतात, त्यांच्यावर इतर शंभर कामं असतात, आणि अर्जाचा नमुना मागच्या वर्षीचाच पुढे जातो. त्या शिक्षकांना विनंती आहे: यंदा साहित्य मागवताना तो नमुना एकदा पाहा. नावाच्या चौकोनात दोन नावं मावतात का? मावत नसतील तर ओळी वाढवा. गोष्ट कोणी लिहिली हे विचारताना 'तू' ऐवजी 'तुम्ही कोणकोण' असं विचारा. आणि छापण्यापूर्वी त्या सगळ्यांना एकेकटं गाठून विचारा, कारण अबोला धरलेली मुलगी आपणहून सांगायला येईलच असं नाही.